किडा, कीड, अळी आणि ‘हुळ’

प्रश्न (चिकोडी) : उसाच्या बुडातल्या हुमणीला इकडं ‘हुळ’ म्हणतात, आणि गांडुळालाही हुळच. मराठीत त्याला नेमका शब्द कुठला? किडा, कीटक की अळी?

निपाणी : एकच शब्द मिळणार नाही. कन्नडमधला हुळ फार मोठ्या पोटाचा आहे. मधमाशी जेनहुळ, रेशमाचा किडा रेश्मेहुळ, गांडूळ एरेहुळ, हुमणी गोण्णेहुळ. बारीक आणि वळवळणारं किंवा भुणभुणणारं सगळं त्यात बसतं. बोलीत ही जागा आपला ‘किडा’ घेतो.

‘कीटक’ हा शास्त्राचा शब्द, आणि तो पायांवर ठरतो. डोकं, छाती, पोट असे तीन भाग, मिशांची एक जोडी, छातीला पायांच्या तीन जोड्या. पंख बहुतेकांना असतात, सगळ्यांना नाहीत. कोळी आणि विंचवाला आठ पाय. खानापूरकडं भाताच्या बांधाला भोकं पाडणाऱ्या खेकड्याला नांग्या धरून दहा. गोमेला दर वलयाला पायांची एक जोडी, वाणीला (पैसा म्हणा) बहुतेक वलयांना दोन. हे सगळे सांध्यांच्या पायांचे, म्हणून संधिपाद. पण कीटक फक्त सहा पायांचा. गांडुळाला तर पायच नाहीत, अंग वलयांचं. ते जळवेच्या भावकीतलं. त्याला किडा म्हटलं तर बोलीत खपून जाईल, कीटक म्हटलं तर चूक.

बेळगाव : त्यात ‘कीड’ मिसळू नका. कीड हा प्राण्याचा गट नाही, नुकसानीचा हिशेब आहे. पिकाला खाणारी गोगलगायसुद्धा कीड, आणि ती शंख-शिंपल्यांच्या गटातली, मृदुकाय. ‘दाताला कीड लागली’ यात तर प्राणीच नाही, काम जिवाणूंचं.

खानापूर : खरा घोळ ‘कोळी’ शब्दात आहे. जाळं विणून माश्या धरणारा कोळी आणि वांगी-भेंडीच्या पानाखालचा लाल कोळी, नाव एकच. दोघं आठ पायांचे हे बरोबर, पण पहिला मित्र आणि दुसरा रस शोषणारा. लाल कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले की भिंगाखाली पाय मोजा. इथं एक चकवा आहे: अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, तेव्हा मोठा बघूनच मोजायचं.

कीटक समजून साधं कीटकनाशक मारलं की बहुतेकदा कोळी मरत नाही. पायरेथ्रॉइड गटातलं असेल तर त्याला खाणारे मित्रजीव तेवढे मरतात आणि आठ-दहा दिवसांत पानं आणखी पिवळी पडतात. मग ‘औषध बनावट होतं’ म्हणून दुकानदाराशी भांडण! बाटलीवर ‘कोळीनाशक’ लिहिलंय का बघा. पाण्यात मिसळणारं गंधकही चालतं, पण कडक उन्हात फवारलं तर पान करपतं.

चिकोडी : मग अळी?

निपाणी : अळी म्हणजे गट नव्हे, वय. (‘आळी’ लिहू नका, ती वस्ती, आणि तिला आपल्याकडं गल्ली म्हणतात.) फुलपाखरू, पतंग, भुंगेरा, माशी या सगळ्यांच्या बाळपणाला आपण अळीच म्हणतो, म्हणून नुसतं ‘अळी पडली’ सांगून भागत नाही. हुमणी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, छातीला पायांच्या तीन जोड्या, पोटाला एकही नाही, ती भुंगेऱ्याची. तंबाखूची पानं खाणारी अळी पतंगाची; तिला छातीच्या तीन जोड्यांशिवाय पोटाला मांसल पायांच्या पाच जोड्या. उंटअळीच्या मधल्या जोड्या कमी, म्हणून ती कमान करत चालते. फळमाशीच्या अळीला पाय नाहीतच.

मोहरी-मुळ्यावरची काळपट अळी मात्र फसवते. दिसते पतंगाच्या अळीसारखी, पण पोटाला आठ जोड्या, आणि ती गांधीलमाशीच्या नात्यातली. बीटी जिवाणूचं जे औषध पतंगाच्या अळ्यांसाठी मिळतं, ते तिच्यावर वाया जातं. पोटाच्या जोड्या पाचाच्या वर गेल्या की ते औषध मारायचं थांबायचं.

बेळगाव : ‘माशी’चंही तसंच. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी. मधमाशीला दोन, पांढऱ्या माशीलाही दोन. पांढरी माशी तर मावा-तुडतुड्यांची सोयरी. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण तिची कंबर मुंगीसारखी बारीक नसते. नातं झुरळाशी.

खानापूर : आणि गांडुळाला ‘कृमी’ म्हणणाऱ्यांसाठी: सूत्रकृमीचं अंग दोऱ्यासारखं गुळगुळीत, त्याला वलयं नसतात. मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमी वेगळा, हुमणीच्या अंगात शिरून तिला मारणारा वेगळा. दुसरा विकत मिळतो, तेव्हा ‘सूत्रकृमी’ वाचून पाकीट फेकून देऊ नका.