पंधरा एचपी टू-स्ट्रोक : हळू चालवलं तर ठीक, थ्रॉटल दिला की तापतंय

देवबागचो झिल
मंडळी, बाबांचं वीसेक वर्षांचं जुनं १५ एचपी मशीन आहे, होडीच्या मागे लावायचं. मासेमारी बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, पडवीत गोणपाटाखाली उभं होतं. नारळी पौर्णिमेनंतर होडीला लावलं. पिंपात चालवलं तर मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी झकास. कर्लीच्या खाडीत हळू नेलं तरी काही नाही. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाताना थ्रॉटल वाढवला की दोन-तीन मिनिटांत धार सुतासारखी, पाणी हाताला चटका देतं आणि मशीनचा आवाज बसतो. टोपण काढून हेडवर (इंजिनच्या डोक्यावर) पाण्याचे चार थेंब शिंपडले, तव्यावरच्यासारखे चुरचुरले. लगेच बंद केलं आणि वल्ही मारत घरी.

इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, मीच बदललाय. लेगचे (मशीनच्या पाण्यातल्या खालच्या भागाचे) बोल्ट मिठाने इतके धरले होते की एक तुटलाच (त्या दिवशी काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही). जुन्या इम्पेलरचं रबर दगडासारखं झालेलं, सहातली दोन पाती नव्हतीच. म्हटलं, सापडलं कारण. नवा बसवला, तरी तेच.

शेजारचे काका म्हणतात थर्मोस्टॅट (मशीन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाक, आपल्या समुद्राला कशाला हवा? काढू का?

सुकोबांगडो
आधी पाणी ओढायची जाळी बघ. खाडीत प्लॅस्टिकच्या पिशव्या किती असतात ते तुला सांगायला नको. हळू चालताना पिशवी सैल असते, वेग आला की जाळीला चिकटते. शिवाय मशीन वर चढलंय का? पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंप हवा ओढतो.

देवबागचो झिल
जाळी दात घासायच्या ब्रशने साफ केली, पिशवी नाही. उंची बाबांनी ठेवली होती तीच.

जुनो फिटर
बाबू, ती दोन पाती खंय गेली?

पंपातून तुटलेलं रबर हवेत विरत नाही. पाण्याबरोबर वर जातं आणि नळीत नाहीतर वरच्या वाटेत अडकतं. पाण्याचा जोर कमी असताना तुकडा बाजूला लवंडून राहतो, जोर आला की झडपेसारखा वाट बंद करतो. तुझी लक्षणं तीच.

थर्मोस्टॅट फेकू नको. तो नसला तर हळू चालताना मशीन थंडच राहतं आणि प्लग काळे होतात. फक्त बाहेर काढ, दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात सोड, खाली गॅस लाव. टोप जुना घे, नाहीतर घरात दुसरं इंजिन तापेल. बऱ्याच मशीनांचा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. पाणी उकळलं तरी मिटलेलाच असेल तर नवा आण.

आता मुख्य काम. लेग परत उतरव, थर्मोस्टॅट बाहेरच ठेव आणि त्याच्या भोकातून बागेच्या पाइपने गोडं पाणी उलटं सोड. नळीच्या खालच्या तोंडाशी फडकं धर. तार खुपसू नको, तुकडा आणखी वर जाईल. लेग चढवताना नळी रबरी बुचात नीट बसली का ते बोटाने चाचपून बघ, ती बाजूला बसली तर सगळी मेहनत पाण्यात.

देवबागचो झिल
काका, पाय कुठे आहेत?

आधी गढूळ पाणी, मग मिठाच्या खपल्या, मग कुंभारीण माशीने आत केलेलं मातीचं घर. एवढं झाल्यावर टुपकन एक पातं फडक्यात पडलं. दुसरं काही आलं नाही. तासभर पाणी सोडत राहिलो, आई पाण्याची मोटर बंद कर म्हणून ओरडत होती. थर्मोस्टॅट टोपात व्यवस्थित उघडला, नवं गॅस्केट घालून तोच परत लावला. आज संगमापर्यंत पूर्ण थ्रॉटलवर जाऊन आलो. धार जाड, पाणी कोमट, हेडवर हात ठेवता येतो.

जुनो फिटर
आणि दुसरं पातं?

देवबागचो झिल
संध्याकाळी बाबांना विचारलं. ते गेल्या वर्षीच तुटलेलं. पंप उघडून त्यांनी तुकडा काढला, नवा इम्पेलर हाताशी नव्हता म्हणून पाच पातींवरच अख्खा हंगाम काढला. हे मला काल सांगितलं असतं तर मोटरचं बिल वाचलं असतं.