मदत हवी आहे: नॅनोव्हीएनएवर ७ मेगाहर्ट्झच्या फिल्टरला दोन कुबडं दिसतात

मंडळी, ४० मीटर बँडच्या रिसीव्हरसाठी बँडपास फिल्टर (ठराविक पट्ट्यातल्याच वारंवारता जाऊ देणारा) बनवलाय. नॅनोव्हीएनए (फिल्टर वगैरे मोजायचं छोटं उपकरण) लावून तीन रात्री जुळवतोय, पण आता गाडी अडली आहे.

रचना नेहमीचीच: दोन एलसी टँक (कॉइल आणि कॅपॅसिटरची जोडी), मधे त्यांना जोडणारा छोटा कपलिंग कॅपॅसिटर. टी-५०-६ या पिवळ्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) ३२ वेढे, म्हणजे साधारण ४.१ मायक्रोहेन्री. ७.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक टँकला एकूण १२२ पिकोफॅरड. रुंदी ३०० किलोहर्ट्झ हवी, त्यासाठी कपलिंग ३.७ पिकोफॅरड निघालं, हाताशी ३.९ होता, तो लावला. ५० ओहमसाठी दोन्ही टोकांना लिंकचे (टँकच्या कॉइलवरच गुंडाळलेल्या जोडणीच्या वेगळ्या तारेचे) दोन-दोन वेढे.

एक चूक माझी मलाच सापडली. कॅलिब्रेशन ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असं केलं होतं. बिंदू १०१, म्हणजे दर ९ मेगाहर्ट्झला एक! अख्खा फिल्टर दोन बिंदूंच्या मधे हरवत होता. आता ६.५ ते ७.७ मेगाहर्ट्झ ठेवून कॅलिब्रेशनच्या ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू या पायऱ्या सगळं केबलच्या टोकाशी नव्याने केलंय.

तरी एस२१ मधे (फिल्टरमधून पार जाणाऱ्या सिग्नलच्या आलेखात) ६.९६ आणि ७.२४ ला दोन शिखरं, मधे ३ डीबीची दरी. शिखरावरही तोटा २.६ डीबी. प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने टँकचा ट्रिमर (फिरवून बदलायचा छोटा कॅपॅसिटर) फिरवला की एक कुबड चढतं, दुसरं बसतं. दरी काही बुजत नाही.

कपलिंग जास्त झालंय की टोकांचं लोडिंग (लिंकमधून टँकवर पडणारा ५० ओहमचा भार) कमी पडतंय? दोन्हींत आलेख असाच येतो, तिथेच अडलोय. एक टँक ग्राउंडला शॉर्ट करून दुसऱ्याचा एस११ (परत येणारा सिग्नल) पाहिला, त्यातला डिप, म्हणजे खड्डा, ६ डीबी. तो खोल हवा की उथळ?

प्रतिसाद:
दोन्ही आहे. शिखरांमधलं अंतर २८०, भागिले ७१००, म्हणजे ०.०४. गुणिले १२२, जवळपास ५ पिकोफॅरड. तुम्ही लावलेत ३.९, उरलेलं कपलिंग कॉइल जवळजवळ असल्याने शिरत असणार. पण आधी लिंक बघा. ३२ ला २ म्हणजे १६ पट, वर्ग २५६. टँकला ५० ओहमचे १२,८०० दिसतात. तुमच्या रुंदीला ६,००० च्या आसपास हवेत, म्हणजे तीन वेढे. डिप उथळ झाला तर घाबरू नका. लिंक घट्ट झाली की टँकच्या स्वतःच्या तोट्यात कमी शक्ती जिरते, जास्त परत येते. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! लिंक तीन वेढ्यांची केली आणि दरी बुजली. शॉर्ट करून पाहिलेला डिप पावणेतीन डीबीवर आला, तोटा १.२. रुंदी मात्र ४४० होती, म्हणून ३.९ काढून २.२ लावला. आता रुंदी ३०५, तोटा १.४. तो सपाट माथा किती वेळ बघत बसलो होतो!

आता एकच विचारायचंय. फिल्टरनंतर डायोड रिंग मिक्सर (सिग्नलची वारंवारता बदलणारा भाग) आहे, तो काही सगळ्या वारंवारतांना ५० ओहम राहत नाही. मधे ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल थोडा कमी करणारा भाग) टाकू का? या बँडवर वातावरणाचा गोंगाटच इतका असतो की संवेदनक्षमतेला फारसा फरक पडू नये, असं मला वाटतं. कोणी करून पाहिलंय का?