शब्दचर्चा : 'गोपनीयता' की 'खासगीपणा'?

प्रश्न : 'इंटरनेटच्या कारभाराचे धोरण परदेशी गोपनीयता कायद्यांनी घडवावे काय?' असे एका वादविषयाचे भाषांतर मी केले आहे. 'प्रायव्हसी'साठी येथे 'गोपनीयता' योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तेव्हा सरकारी गुपिते फोडणार नाही अशी हमी देतात. त्या शब्दात लपवणे आहेच. 'खासगी'चे तसे नाही. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. खासगीचे उत्पन्न गुप्त नव्हते, त्यावर हुकूम कोणाचा चालणार एवढेच ठरलेले होते.

हा भेद या वादात फार महत्त्वाचा आहे. 2018 पर्यंत 'हूइज' या डोमेनमालकांच्या सार्वजनिक नोंदवहीत एखादे डोमेन (संकेतस्थळाचे नाव) शोधले, की मालकाचे नाव, पत्ता, फोन आणि ईमेल सहसा कोणालाही दिसत असे. (माझे पहिले डोमेन घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी 'वेबसाइट बनवून देतो' असे फोन सुरू झाले होते.) 25 मे 2018 पासून युरोपीय संघाचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा लागू होणार होता आणि त्यात जागतिक उलाढालीच्या 4 टक्के किंवा 2 कोटी युरो, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथवर दंडाची तरतूद होती, म्हणून डोमेननावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 17 मे रोजी तात्पुरता नियम करून बरीचशी माहिती झाकायला परवानगी दिली. गुन्हेगारांना आडोसा मिळाला, अशी तक्रार तेव्हापासून होते. 'गोपनीयता' म्हटले, की आपण नकळत त्याच तक्रारीची भाषा बोलू लागतो.

शिवाय प्रश्न केवळ झाकण्याचा नव्हता. मालकाखेरीज प्रशासकीय आणि तांत्रिक संपर्काची वेगळी माहिती आपण गोळाच करणार नाही, असे ईपॅग या डोमेन नोंदवून देणाऱ्या जर्मन कंपनीने ठरवले, तेव्हा आयकॅन बॉनच्या न्यायालयात गेली. परंतु मालकाची माहिती असताना बाकीची कशासाठी लागते हे पटवता न आल्याने मेच्या अखेरीस तिची मागणी फेटाळली गेली. जे मुळात घेतलेच नाही, त्याला गोपनीय कसे म्हणावे?

'परदेशी' हे विशेषणही तपासावे. आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली संस्था आहे, आणि माहिती जगजाहीर करण्याचे बंधन तिच्या करारांतूनच आले होते. मराठी डोमेनमालकाला दोन्ही नियम सारखेच परके.

प्रश्नकर्ता : 'खासगी कायदा' म्हटल्यास तो कोणाच्या तरी मालकीचा कायदा वाटतो, त्याचे काय?

उत्तर : ही अडचण खरी आहे, म्हणून समास टाळून 'खासगीपणाचे कायदे' लिहावे. जीडीपीआरच्या नावात 'प्रायव्हसी' नाहीच, 'डेटा संरक्षण' आहे. भारताच्या 2023 च्या कायद्यातही तसेच आहे. मी आपले वाक्य असे लिहीन : 'इंटरनेटच्या कारभाराचे धोरण ठरवताना एखाद्या प्रदेशाचा डेटा संरक्षण कायदा सर्वांसाठी प्रमाण मानावा काय?'