बँकॉकचे बार पहाटे चारपर्यंत: सोय कोणाची?

एकमईकर
डिसेंबर २०२३ पासून बँकॉकमधल्या परवानाधारक क्लब-बारना दोनऐवजी पहाटे चारपर्यंत मुभा आहे. (फुकेत, चियांग माई, सामुई आणि पट्टाया ज्यात येतं त्या चोनबुरीलाही.) मी बँकॉकच्या एकमई भागात एका गल्लीत सहा वर्षं राहतोय आणि माझ्या मते ही चूक झाली. स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. मग चारला बाहेर पडणारा एक तर झिंगून स्वतःची गाडी हाणतो, नाहीतर नारिंगी जाकीटवाल्या मोटारसायकल टॅक्सीवर मागे लटकतो, बहुतेकदा हेल्मेटशिवाय. आधी निदान तीनला डोळा लागायचा.

सोमटम
दोनचं बंधन कागदावर होतं हो दादा! शटर अर्धं खाली, गाणी बारीक, मागल्या दाराने सगळं चालू. त्या चोरट्या तासांची वरकमाई कुठे जायची, तुम्हालाही कळतं. आता निदान उघड उघड चालतं. आणि बारच्या दाराशी मू पिंग भाजणारी मावशी? डुकराच्या मांसाच्या काड्या निखाऱ्यावर, सोबत पिशवीत चिकट भात. तिचा खरा धंदा बार सुटल्यावरच.

भाऊसाहेब_सातारा
मावशीचं कौतुक पुरे. सोई काउबॉय (सोई म्हणजे गल्ली), नाना, पातपोंग या तिथल्या बारवस्त्यांत मुलींना नंबरचे बिल्ले लावून उभं करतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक सुट्टीला यायचे, तेव्हा हे फोफावलं. काउबॉय हे नावसुद्धा तिथे बार काढणाऱ्या एका अमेरिकनाच्या टोपणनावावरून पडलंय. चारपर्यंत कसलं, सगळं बंदच करा.

सोमटम
भाऊसाहेब, देहविक्रय तिथे कायद्याने गुन्हाच आहे, तरी चालतो. आपण २००५ साली डान्सबार बंद केले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही बंदी टिकली नाही. मधल्या आठ वर्षांत त्या मुलींनी काय खाल्लं, हे कोणी विचारलं?
आणि नाना दोन आहेत बरं का. सुखुमवित रस्त्याच्या सोई ४ वरचा नाना प्लाझा तुम्ही म्हणताय तो. दुसरी सोई नाना चायनाटाउनात, जुन्या दुकानघरांत जिनचे छोटे बार. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नाना’ म्हणालात तर पहिल्याच नानांकडे पोचाल!

रात्रपाळी
दोन की चार यावर भांडताय, दारं कोणी मोजली का? १ जानेवारी २००९, सांतिका क्लब, एकमईतच. नववर्षाच्या जल्लोषात आग लागली, साठाहून जास्त माणसं गेली. वरच्या खिडक्यांना गज आणि बहुतेकांना ठाऊक असलेलं दार एकच, समोरचं. ही गोष्ट मध्यरात्रीनंतर लगेचची, चार वाजताची नव्हे. मुंबईत कमला मिलमध्ये २०१७ ला १४ जण गेले तेव्हाही साधारण हीच वेळ होती. मी हॉटेलात रात्रपाळी केलीय. गिऱ्हाईक मोजणारे पुष्कळ असतात. मागच्या दारापुढचे बिअरचे क्रेट हलवा म्हणून सांगायला कोणी येत नाही.

एकमईकर
रात्रपाळी, क्रेटचा मुद्दा मान्य. आमच्या कोपऱ्यावरच्या बारचं मागचं दार आत्ताच पाहून आलो, समोर बर्फाच्या दोन पेट्या. चार वाजेपर्यंतचं मात्र अजूनही पटत नाही. सोमटम, या शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला या. रस्त्याकडच्या खिडकीजवळची गादी तुमची.