बायोलॉजी पीएच.डी.: अर्ज गेलेत, उत्तरं येईनात. सल्ला हवा आहे

शेवाळी
नमस्कार मंडळी. पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, सध्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत बायोलॉजी पीएच.डी.साठी अर्ज केले, बहुतेक अम्ब्रेला प्रोग्रॅम (एका अर्जात अनेक लॅब, लॅब नंतर निवडायची). आता जानेवारी संपत आला. एका ठिकाणहून झूम इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय, एक रिजेक्ट, बाकी शुकशुकाट. ग्रॅडकॅफे (अर्जदार आपापले निकाल टाकतात ती साइट) उघडावं तर त्याच प्रोग्रॅमच्या लोकांनी 'इंटरव्ह्यू आला' म्हणून टाकलेलं. म्हणजे माझं तिथलं आटोपलं का? मेल टाकून विचारू का? इंटरव्ह्यूत काय विचारतात? घरी जेवताना बाबांचं रोज 'काही कळलं का?' असतंच. डिसेंबरची नेट (इथल्या पीएच.डी. फेलोशिपची परीक्षा) दिली आहे, निकाल यायचाय. जर्मनीचंही बघू का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

टिकटिकी
आधी ते ग्रॅडकॅफे बंद करा. तिथे कोण खरं लिहितंय, कोण पुड्या सोडतंय, काही पत्ता लागत नाही. बाबांना 'मार्चमध्ये सांगते' म्हणून एकदाच सांगून टाका.

रानजाई
अमेरिकेत पीएच.डी. करतेय, तिसरं वर्ष. जरा लांबण लावते.

जानेवारीतल्या शांततेचा अर्थ नकार असा लावू नका. बोलावणी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने जातात. बऱ्याच ठिकाणी तिथल्या मुलांना कॅम्पसवर बोलावतात आणि परदेशी अर्जदारांचे झूम इंटरव्ह्यू वेगळे ठेवतात, कधी आधी, कधी नंतर. पण फेब्रुवारीचा मध्य उलटला आणि त्यांचे इंटरव्ह्यू उरकलेत असं कळलं, तर तिथलं नाव मनातून काढा. रीतसर नकार एप्रिलमध्येसुद्धा येतो, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

परदेशी मुलांना जागा कमी असतात त्यामागे पैसा आहे. बायोमेडिकलमध्ये सुरुवातीच्या वर्षांचा खर्च बऱ्याचदा एनआयएचच्या (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) ट्रेनिंग ग्रँटमधून निघतो आणि ती ग्रँट फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना चालते. आपल्यासाठी विद्यापीठाला दुसरीकडून तजवीज करावी लागते. त्यामुळे उत्तम प्रोफाइललाही नकार येतो, तो फार मनाला लावून घेऊ नका. त्यात 2025 ची कहाणी ऐकली असेलच. फेब्रुवारीत एनआयएचने इनडायरेक्ट कॉस्ट (ग्रँटसोबत विद्यापीठाला इमारत, वीज, कारभारासाठी मिळणारा पैसा) 15 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. ते कोर्टात अडकलं, पण धास्तीने अनेक विद्यापीठांनी जागा छाटल्या. यूमास चॅन मेडिकल स्कूलने तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. म्हणून ऑफर आली की उड्या मारायच्या आधी पत्रातला पैशाचा परिच्छेद नीट वाचा. किती वर्षांची हमी आहे, टीए (शिकवण्यात मदतनिशी) करावी लागेल का, उन्हाळ्याचे महिने धरलेत का, हेल्थ इन्शुरन्स कोण भरणार.

मेलचं म्हणाल तर एकदाच टाका, तोही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला, चार ओळींचा. दरम्यान पेपर स्वीकारला गेला असेल तर तेही त्यातच कळवा. प्रोफेसरांना 'माझ्या अर्जाचं काय झालं' विचारू नका. अम्ब्रेलात समिती निवडते, लॅब पहिल्या वर्षीच्या रोटेशननंतर (आळीपाळीने काही लॅबमध्ये काम करून बघितल्यावर) ठरते, एकट्या प्रोफेसरच्या हातात फारसं नसतं. (इकॉलॉजीवाल्यांचं उलटं असतं. तिथे प्रोफेसरशी आधी बोलणं झालं नसेल तर अर्ज बहुधा वायाच जातो.)

इंटरव्ह्यू म्हणजे साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन-चार बोलणी. पुस्तकी प्रश्न कमी, तुमच्या कामावर जास्त. स्लाइडशिवाय तीन मिनिटांत काम सांगता आलं पाहिजे. मला एका बाईंनी माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर (नमुन्यातलं ठरावीक प्रोटीन शोधायची पद्धत) धरलं होतं. लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखाच नमुना पडलाय हे दाखवणारं प्रोटीन) काय? मी म्हटलं अ‍ॅक्टिन. 'तुझ्या ड्रगने अ‍ॅक्टिनचीच पातळी बदलत असेल तर?' घुटमळले, मग म्हटलं की मेम्ब्रेन पाँसोने रंगवून लेनमधलं एकूण प्रोटीन ताडून बघेन. त्या खूश झाल्या आणि उरलेला वेळ गप्पाच झाल्या. तेव्हा जे तुम्ही स्वतःच्या हाताने केलंय त्यातला प्रत्येक कंट्रोल का घेतला ते घोटून ठेवा. शिवाय त्यांना विचारायला दोन खरे प्रश्न हवेत, वेबसाइटवर उत्तर असलेले नकोत.

खडूसकाका
अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याएवढी आहे. जन्म शिकवण्यात गेला म्हणून दोन शब्द.

वडिलांच्या रोजच्या विचारण्यावर वैतागू नकोस, आणि इथली वाटही सोडू नकोस. नेटमधून जेआरएफ (सरकारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, मग तिच्या पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, 42,000, घरभाडं वेगळं. पण जेआरएफ म्हणजे प्रवेश झाला असं पोरं धरून चालतात, आणि तिथेच गाडी अडते. आयसर, एनसीसीएस, आघारकर, सीसीएमबी, प्रत्येक संशोधन संस्थेची जाहिरात वेगळी, अर्ज वेगळा, इंटरव्ह्यू वेगळा. त्या जाहिरातींवर आत्तापासून लक्ष ठेव, अमेरिकेच्या नादात तारखा निघून जातात. टीआयएफआर आणि एनसीबीएस या संस्थांची जेजीईईबीआयएलएस प्रवेश परीक्षा डिसेंबरात होते. ती दिली नसशील तर ती वाट यंदापुरती बंद.

आणि इथल्या इंटरव्ह्यूत पाया तपासतात. हातात खडू देऊन 'लॅक ऑपेरॉन (जिवाणूतली लॅक्टोज पचवणारी जनुकं चालू-बंद होण्याची यंत्रणा) काढ, आता रिप्रेसर म्युटंट घे, ग्लुकोज असताना काय होईल ते सांग' म्हणतात. पेपरात नाव असलेली मुलं तिथे गारद झालेली पाहिली आहेत. आणखी एक, पॅनेलसमोर 'अमेरिका नाही झाली तर' हे शब्द तोंडातून काढू नकोस.

नेकारकाठी
जर्मनीबद्दल. इथे पीएच.डी. बहुतेकदा नोकरीसारखी, करारावर. पगार बहुधा सरकारी श्रेणीच्या 65 टक्के. एम.एस्सी. सहसा लागतेच, ती तुमच्याकडे आहे. अर्जाला सहसा फी नाही, अमेरिकेला घालवलेले डॉलर आठवून बरं वाटेल! माक्स प्लांक या संशोधन संस्थेच्या आयएमपीआरएस नावाच्या पीएच.डी. शाळांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, पण एकेका ग्रुपच्या जागा वर्षभर निघतात. इथे थेट प्रोफेसरला लिहायचं असतं. फक्त 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट' छापाची ढकलपत्रं नकोत. त्यांचा अलीकडचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीवर प्रश्न विचारा. माझ्या ग्रुपमध्ये अशाच मेलना उत्तर जातं.

शेवाळी
सर्वांचे मनापासून आभार! काका, जेजीईईबीआयएलएस दिली आहे, निकालाची वाट बघतेय. आयसर आणि एनसीसीएसची पानं बुकमार्क केली. रानजाई, समजा एक ऑफर आली आणि दुसरीकडे वेटलिस्ट असेल, तर पहिलीला किती दिवस लटकवता येतं?

रानजाई
15 एप्रिलपर्यंत. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा तसा ठराव आहे, बहुतेक विद्यापीठं पाळतात. तुमचं विद्यापीठ तो ठराव मानणाऱ्यांच्या यादीत आहे का तेवढं बघा. वेटलिस्ट त्याच शेवटच्या आठवड्यात हलते, कारण दोन-तीन ऑफर दाबून बसलेले लोक तेव्हा कुठे नाही म्हणतात. नको असलेली ऑफर ठरल्या दिवशीच सोडा, मागे कोणीतरी टांगलेलं असतं.

शेवाळी
नक्की. शेवटचा बावळट प्रश्न. माझा इंटरव्ह्यू कॅलिफोर्निया वेळेने गुरुवारी दुपारी 2 ला आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीन ना?

टिकटिकी
हो, शुक्रवारी पहाटे साडेतीन. गुरुवारी लवकर जेवून झोपा, आणि घरच्यांना त्या वेळी वायफाय बंद करू नका म्हणून बजावून ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर असता तर अडीच झाले असते, तेव्हा त्यांची घड्याळं पुढे जातात.