मदत हवी आहे: वापरलेली कस्टम स्पोर्टफिशिंग यॉट घेण्यापूर्वी काय तपासावे?

नमस्कार. खोल समुद्रातील मासेमारीसाठी मागणीनुसार बांधलेली एक वापरलेली ५४ फुटी यॉट विकत घेण्याचा माझा विचार असून जाणकारांचा सल्ला हवा आहे. एकाच साच्यातून निघालेल्या बोटींची आपसांत तुलना करता येते. हिच्यासारखी दुसरी बोटच नसल्याने किंमत ठरवायलाही आधार सापडत नाही.

माझी मुख्य चिंता हलची, म्हणजे बोटीच्या बाहेरील मुख्य कवचाची आहे. तो लाकडाचे पातळ थर इपॉक्सीने चिकटवून, वरून फायबरग्लास चढवून बांधलेला आहे. अशी बांधणी हलकी आणि मजबूत असते, परंतु फायटिंग चेअरचा (मोठा मासा ओढताना बसायच्या खुर्चीचा) पाया, टॉवरचे (मासे शोधण्यासाठीच्या उंच मनोऱ्याचे) पाय किंवा पाण्याखालील फिटिंगच्या छिद्रांतून पाणी मुरले, तर बाहेरून काहीही न दिसता लाकूड आतून कुजत जाते. ओलावामापकावर आणि हातोडीने ठोकून येणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवावा, की काही फिटिंग काढून आतील लाकूड पाहण्याचा आग्रह धरावा? विक्रेता असा आग्रह सहसा मान्य करतो का?

दोन्ही डिझेल इंजिनांचे तेल प्रयोगशाळेत तपासून घेणारच आहे. समुद्रातील चाचणीत, इंधनाच्या टाक्या भरलेल्या असताना, पूर्ण थ्रॉटलवर इंजिने उत्पादकाने ठरवलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचली नाहीत, तर दोष प्रोपेलरचा की इंजिनाचा, हे कसे ओळखावे?

वायरिंगचे आराखडे विक्रेत्याकडे नाहीत आणि मला ही उणीव गंभीर वाटते. लाकडी हलचा अनुभव असलेला स्वतंत्र सर्वेक्षक निवडताना त्याला कोणते प्रश्न विचारावेत, हेही कृपया सांगावे.