मदत हवी आहे: वाघबीळ की ऐरोली? भाडं किती झेपेल?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी. डोंबिवलीच्या घराचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. ह्यांचं ऑफिस ऐरोलीला, माझं ठाण्यात नौपाड्याला.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार 75,000. तीस टक्क्यांच्या वर भाडं नको, असं सगळे सांगतात, म्हणजे 22,500. मला हा हिशेब पटत नाही. कर्जाचा हप्ता 8,500, गावी सासऱ्यांच्या औषधपाण्याला 7,000 आणि पाळणाघराचे 6,500 आधीच जातात. किराणा, दूध, लाइट बिल, गॅस, मोबाइल मिळून 18,000. आरडीचे 5,000 काही झालं तरी मोडायचे नाहीत. हातात राहतात 30,000. टक्केवारी पगारावर काढायची की या उरलेल्यावर?

वाघबीळला वन बीएचके 19,000, डिपॉझिट 75,000. ऐरोलीत 24,000, डिपॉझिट एक लाख. दिसायला पाच हजारांचा फरक. पण घोडबंदर रोडला लोकल नाही. वाघबीळहून दोघांनाही आधी ठाणे स्टेशन गाठायचं, पुढे ह्यांना ट्रान्स-हार्बर लोकल. बस, शेअर रिक्षा, पास धरून महिन्याला 4,000 जातील. ऐरोलीहून मी एकटीच ठाण्याला येणार, हजारात भागेल. हे चालत जातील. एका महिन्याचं ब्रोकरेज 11 महिन्यांवर वाटलं तर वाघबीळ पडतं 24,700 आणि ऐरोली 27,200. फरक अडीच हजारांवरच आला! शिवाय पाळणाघरं सातला बंद होतात, आणि पावसात कापूरबावडीच्या पुढे बस हलत नाही.

मन ऐरोलीकडे आहे. पण मग महिन्याला 2,800 च उरतात, त्यात मुलीचं आजारपण आलं तर? शाळेची ॲडमिशनही तोंडावर आहे. एवढ्या कमी शिलकीवर कोणी 11 महिने काढलेत का?

डिपॉझिटचाही पेच आहे. जुने 50,000 चावी दिल्यावर मिळणार, नवीन मालकाला आधी हवेत. मधले दिवस कसे निभावता?

आणखी एक. ऐरोलीचे मालक म्हणतात, नोटरी पुरे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के, नोंदणी फी 1,000. खर्च आम्ही करायला तयार आहोत. त्यांना हे न दुखावता कसं सांगावं?

ऐरोलीत राहणाऱ्यांनी जरूर सांगा, 24,000 चे 22,500 होतात का?